माळावरच्या मुळांतलं रक्त

कोंडखोलच्या गुरचरणीवर त्या सकाळी जेवढी माणसं जमली होती, तेवढी माझ्या ग्रामसभांना दोन वर्षांत मिळून आली नसतील. बायका पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या, म्हातारे उकिडवे बसले होते, आणि एरवी क्षणभर गप्प न राहणारी पोरं आयांच्या लुगड्यांत तोंडं खुपसून होती. मधे रिंगण सोडलेलं. त्या रिंगणात खाडीपारचा बुधाजी भगत गुडघे टेकून माती उकरत होता आणि मातीशी बोलत होता.

"या रं, वर या... वाट मोकळी हाय... मी बुधाजी आलोय... कोन कोन हाय आत?"

आतून कोणी काही बोललं नाही. लोक मात्र माना वाकड्या करून कान देत होते.

बुधाजीने एक हिरवा वेल मुळासकट उपटला, झटकला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. मुळांना मुगाच्या दाण्यांएवढ्या गाठी लगडल्या होत्या. भंडाऱ्याने बरबटलेल्या बोटांनी त्याने त्या चिरडल्या आणि शेजारी पसरलेल्या पांढऱ्या, ओल्या फडक्यावर पुसल्या. फडकं लालभडक झालं.

"रगत!" गर्दीतून एक बाई किंचाळली.

"रगतच बाय, दुसरं काय?" बुधाजी उठून उभा राहिला. "चाळीस वर्सं तहानलेलं रगत हाय ह्ये. मानमोडीत मेलेली तुमची मानसं! न्हाय लाकूड, न्हाय पिंड, न्हाय घोटभर पानी. आता वेलावाटं वर आल्यात. गुरांनी वेल खाल्ला, ती गुरांच्या पोटात गेल्यात. आन् तुमी त्याच गाईंचं दूध पोरास्नी पाजताय! आरं, मेल्यांचं दूध पाजताय!"

मानमोडीचं नाव निघालं आणि सगळ्यांच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांपूर्वीची ती तापाची साथ. घरात पाच माणसं असली तर तीन आडवी. सरणाला लाकूड तोडायला कोणी नाही, उचलायला खांदे नाहीत. तेव्हा गावाने आपली माणसं या माळाच्या खोलगटीत, झऱ्याशेजारी पुरली. बाकी सगळा माळ जांभा दगडाचा, खणता येईल अशी माती तेवढीच. त्या खोलगटीत भर दिवसासुद्धा कोणी एकटं जात नसे. मी भुतंखेतं मानणारा नाही, पण खरं तेच सांगतो, तिथल्या गवतातून वारा गेला की मलाही मागे वळून बघावंसं वाटायचं.

मी म्हणजे हरी, त्या गावचा ग्रामसेवक. साल अठ्ठावन्न. माझं घर मुरुडकडचं, नारळीपोफळीतलं; कोंडखोलला बदली झाली तेव्हा घरच्यांना वाटलं, पोरगा डोंगरात वाया गेला. आणि बुधाजीच्या हातातल्या त्या वेलाचा बाप मीच होतो.

त्याचं असं झालं. हा माळ पावसात हिरवा आणि दिवाळीनंतर वाळून काडी. मार्गशीर्षात गुरं तिथं पाय मोकळे करायला जायची, चरायला नव्हे. गाई आटायच्या, बैलांच्या बरगड्या मोजून घ्याव्यात. तालुक्याच्या शिबिरात आम्हाला सांगितलं होतं की कुरणात नुसतं गवत ठेवू नका, त्यात शेंगा धरणारे वेल मिसळा. गवत वाळलं तरी वेल हिरवे राहतात, गुरांना कस मिळतो आणि शेजारचं गवतही जोम धरतं. मी गोकर्ण, रानमूग आणि एका परदेशी वेलाचं बी आणलं. त्या तिसऱ्याचं नाव मला अजून धड उच्चारता येत नाही. मारवेल आणि पवना गवताच्या बियांत ते मिसळून मृगाच्या तोंडावर माळभर फोकलं. लोक पोट धरून हसले. दोन महिने गुरं आत सोडू नका म्हटलं तर माझ्या अंगावर धावून आले.

दुसऱ्या वर्षी मात्र चमत्कार झाला. मार्गशीर्षात आजूबाजूचे सगळे डोंगर पिवळे पडलेले आणि आमची खोलगट निळ्या फुलांनी भरलेली, हिरवीगार. गाई दूध देत राहिल्या. मी मिशीला पीळ देत गावातून फिरलो. हे असं का झालं, ते कोणाला समजावून सांगायची गरज मला वाटली नाही. दूध दिसतंय ना चरवीत, मग बडबड कशाला, असा माझा तोरा. पण जे बापजन्मात झालं नाही ते झालं की माणूस कारण शोधतो. मी ते दिलं नाही, म्हणून बुधाजीने दिलं.

त्या सकाळी मी रिंगणात घुसलो तो रागानेच. फडक्याचा प्रकार मला लांबूनच कळला होता.

"अंबाजीराव, जरा चुन्याची डबी द्या," मी पोलीस पाटलांना म्हटलं.

अंबाजी पाटील मितभाषी गृहस्थ. चेहऱ्यावरची माशी न हलवता त्यांनी चंचीतून डबी काढून दिली. मी बुधाजीच्याच ढिगातला चिमूटभर भंडारा तळहातावर घेतला, त्यात नखभर चुना घातला, दोन थेंब पाणी टाकून अंगठ्याने चोळलं आणि हात वर केला. तळहात लालभडक.

"हे घ्या रगत! कोणाच्या आजोबांचं हवंय? भंडारा म्हणजे हळद, आणि हे फडकं चुन्याच्या निवळीत भिजवून आणलंय. तुमच्या घरच्या कुंकवाचीच युक्ती ही, आणि तुम्ही घाबरता काय?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं हसले. बुधाजीचा चेहरा उतरला. मला वाटलं, जिंकलो. त्या वेळी मी तिथून गेलो असतो तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला टाळ्या हव्या होत्या, म्हणून उभा राहिलो.

आवडाबाई पुढे आली. साठीला टेकलेली, काटकुळी, कमी बोलणारी बाई. फडक्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बुधाजीने टाकलेला वेल उचलला, झऱ्यावर नेऊन स्वच्छ धुतला, स्वतःचे हात मातीने घासून धुतले, आणि मग सगळ्यांसमोर अंगठ्याच्या नखाने एक गाठ मधोमध चिरली. हळद नाही, चुना नाही.

"हरीभाऊ," तिने हात माझ्यापुढे धरला, "मंग ह्ये काय हाय?"

गाठ आतून तांबडी होती. ओली, मांसासारखी तांबडी.

मी बघतच राहिलो. शिबिरात आम्हाला मुळांवरच्या गाठींचं चित्र दाखवलं होतं, तेही काळ्या शाईतलं. गाठ चिरून आत काय असतं ते कोणी दाखवलं नव्हतं, आणि मी कधी चिरून पाहिली नव्हती. माझी दातखीळ बसली. पायाखालची ती माती, त्या मातीत कोण कोण आहे, हे सगळं एकदम आठवलं.

बुधाजीला तेवढंच हवं होतं. "शेवकाची वाचा गेली! बगा, बगा! त्यानंच बी टाकलं आन् त्याचीच वाचा नेली त्यांनी! अवसेला या माळावर चरलेल्या समद्या दुभत्या गाई हितं आनून बांदा. मी त्या खाडीपार सोडून येतो. तवर दुधाचा थेंब कोनी पोटात घिऊ नका, मातीला घाला. मातीची तहान भागू द्या!"

अमावास्येला आठ दिवस होते. त्या संध्याकाळपासून कोंडखोलात गाई पिळल्या जात होत्या आणि दूध उकिरड्यालगत मातीत ओतलं जात होतं. गावात आंबूस वास सुटला. कुत्रीसुद्धा ती माती चाटायला जाईनात, असं लोक सांगत. मी पाहिलं, कुत्री मजेत चाटत होती. पण माझ्याकडे आता कोण लक्ष देतो?

आवडाबाईच्या घरी तिची नात होती, तुळशी. वर्षाचीही झाली नव्हती. आई बाळंतपणात गेली, बाप मुंबईला गिरणीत. पोरीला आवडाबाईने गाईच्या दुधावर जगवलं होतं, वाटीने, कापसाच्या बोळ्याने, रात्र रात्र मांडीवर घेऊन. मार्गशीर्षात गाय आटली नाही म्हणूनच पोर तग धरून होती. चौथ्या दिवशी मी गेलो तेव्हा आवडाबाई तिला तांदळाची पेज भरवत होती. पोर तोंड फिरवत होती. रडायचा आवाजसुद्धा नीट निघत नव्हता.

"आवडाबाई, ही मरेल हो," मी म्हटलं. "दूध पाजा तिला. सगळी थापेबाजी आहे ती."

"मंग तुमी का गप ऱ्हायलात?" तिने पेजेची वाटी खाली ठेवली. "मी तुमचं त्वांड बगितलं, हरीभाऊ. तुमीबी भ्यालात. शिकल्याला मानूस भ्याला तं मी काय करू?"

पोरीचं तोंड पुसत ती पुढे म्हणाली, "माजी दुर्गी हाय तिथं. सा म्हयन्यांची व्हती. घरात समदी तापानं फणफणल्याली, म्या एकलीनं खड्डा खनला, हातानं. आता ती वर आली म्हन्तोय त्यो. तिचंच रगत तिच्या भाचीला पाजू व्हय मी?"

मी उठून बाहेर आलो. लाज वाटत होती, आणि बुधाजीपेक्षा स्वतःचाच जास्त राग येत होता.

तिच्याच अंगणातली कुदळ उचलून तसाच माळावर गेलो. भर दुपार. खोलगटीत चिटपाखरू नव्हतं. झरा बारीक आवाज करत होता आणि गोकर्णीची फुलं वाऱ्यावर हलत होती. पाय पुढे टाकवेना, हे मी लपवत नाही. दुर्गीचा खड्डा नेमका कुठे असेल असा विचार मनात आला आणि मी खाली बघत बघत पाय टाकू लागलो. शेवटी स्वतःला दोन शिव्या हासडल्या आणि कुदळ घातली.

वेल आणि गवत एकमेकांत गुंतून एकाच ढेकळात वर आले. मी ते ढेकूळ झऱ्यात बुडवून माती धुऊन काढली. पवना गवताची मुळं पांढरी, दोऱ्यासारखी, साफ. वेलाची मुळं गाठींनी भरलेली. मी गाठी चिरल्या, तांबड्या. गवताची मुळं चिरली, सुतळीच्या धाग्यासारखी कोरडी. दुसरं ढेकूळ काढलं. तिसरं काढलं. प्रत्येक वेळी तेच. एकाच मातीत, एकाच ओलीत, एकमेकांना मिठी मारून वाढलेली दोन मुळं, आणि तांबडं फक्त वेलाच्या मुळात!

मी झऱ्याच्या काठावर बसलो. मातीतून रक्त वर येत असतं तर गवताने काय पाप केलं होतं? मेलेला माणूस गवत टाळून वेल निवडतो की काय? म्हणजे हे जे काही आहे ते मातीतलं नाही, वेलाचं स्वतःचं आहे. एवढं डोक्यात उतरलं आणि मग शिबिरातलं एक वाक्य आठवलं, जे मी वहीत लिहून कधी वाचलं नव्हतं. शेंगा धरणाऱ्या सगळ्या झाडांच्या मुळांवर गाठी येतात. सगळ्या.

खोलगटीच्या कडेवरून खाली पाहिलं. भातकापणी झालेली खाचरं, आणि त्या खाचरांत गावाने ओलीवर पेरलेला वाल. गुडघाभर वाढलेला, पांढऱ्या-जांभळ्या फुलोऱ्यावर आलेला. वाल म्हणजे शेंगच की! आमच्याकडे वालाच्या बिरड्याशिवाय सण होत नाही आणि वालाशिवाय कोणाचं पान वाढलं जात नाही.

मी धावत खाली गेलो, पहिल्या खाचरात शिरलो आणि एक झाड उपटलं.

"शेवक! हिरवा वाल उपटता?"

बांधावर अंबाजी पाटील उभे होते. खाचर त्यांचंच होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्या चेहऱ्यावर राग पाहिला. त्या गावात फुलावर आलेला वाल कोणी उपटत नसे. लक्ष्मीचा गर्भ उपटल्यासारखं मानत. वाल उपटायचा तो फाल्गुनात, पार वाळल्यावर, शेंगा तडकू नयेत म्हणून पहाटेच्या दवात. तोवर मुळांवरच्या गाठी सुकून, कुजून मातीत गेलेल्या असायच्या. म्हणून तर पिढ्यान्‌पिढ्या वाल पिकवणाऱ्या माणसांनी हिरव्या वालाचं मूळ कधी बघितलंच नव्हतं!

मी काही न बोलता मूळ बांधावरच्या पाटात धुतलं आणि एक गाठ नखाने चिरून त्यांच्यापुढे धरली. पाटील वाकले. मग स्वतः खाचरात उतरले, मला उपटू न देता स्वतःच्या हाताने दुसरं झाड उपटलं आणि स्वतः चिरलं.

"ह्या खाचरात कोनी पुरल्यालं न्हाय," ते सावकाश म्हणाले. "माजा आजा कसायचा ह्ये."

"म्हणूनच म्हणतो, ते रक्त नाही. झाडाचंच आहे ते. पण लोकांनी आपल्या हातांनी उपटून बघायला हवं. मी दाखवलं तर कोणी मानायचं नाही."

"मानतील," पाटील म्हणाले, "पन भगत गप बसंल का?" एवढं बोलून ते चंची सावरत निघून गेले. मी त्याच संध्याकाळी आवडाबाईकडे जाऊन सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, तरीही दूध मातीतच ओतलं. अवसेला समद्यांम्होरं, भगताच्या तोंडावर दावा, म्हणाली, आधी एकदा हसवलंत आन् मंग सोताच भ्यालात.

अमावास्येला सकाळी माळावर गाई बांधल्या होत्या. बुधाजी कपाळाला शेंदूर फासून आला होता आणि सोबतीला दोन दांडगे गडी, गाई हाकायला. आवडाबाई गाईच्या गळ्याशी उभी होती. तुळशी तिच्या खांद्यावर मान टाकून पडली होती. मी पुढे झालो.

"गाई नेण्याआधी माझं एक ऐका. प्रत्येक घरच्या माणसाने आपल्या खाचरातलं वालाचं एक झाड मुळासकट इथं आणावं. मी हात लावणार नाही."

गलका झाला. हिरवा वाल उपटायचा? अमावास्येला? मनुबाई नावाची एक ठसठशीत बाई तर म्हणाली, "ह्या मुडद्याला आधी बांदा, गाई मागनं बांदा!" मी मनातल्या मनात हात जोडले.

तेव्हा आवडाबाईने तुळशीला मनुबाईच्या हातात दिलं आणि सरळ उतरून खाली आपल्या तुकड्यात गेली. सगळा गाव वरून बघत होता. ती झाड घेऊन वर आली, झऱ्यात धुतलं आणि गाठ चिरली. मग मान वर न करता दुसरी चिरली. मग तिसरी.

"वालातबी हाय," ती म्हणाली.

मग सगळेच उतरले. कोणी धावत गेलं, कोणी चोरासारखं गेलं. घटकाभरात माळावर वालाच्या झाडांचा ढीग पडला आणि प्रत्येक जण आपापलं मूळ चिरत होता. सगळ्या गाठी आतून तांबड्या. ज्याचं बिरडं काल रात्री खाल्लं त्याच्या मुळात तेच.

"पसरलं!" बुधाजी ओरडला. त्याची हुशारी मला मानावीच लागते. "उतरलं गं बायांनो, माळावरनं खाली उतरलं! वालाला लागीर झालं! आता वालबी मला द्या, न्हायतर गाव बुडंल!"

लोक दचकून मागे सरले. एका बाईने हातातलं झाड फेकून दिलं. बुधाजीच्या डोळ्यांत पुन्हा तेज आलं.

तेवढ्यात अंबाजी पाटलांनी काखेतलं गाठोडं सोडलं. ओल्या गोणपाटात गुंडाळलेली वालाची चार झाडं होती.

"बुधाजी," ते म्हणाले, "काल मी खाडीपार तुज्या गावाला गेलो व्हतो. तुज्या वाड्याम्होरं तुजं खाचर हाय. घरधनीन म्हनाली, घिऊन जा. ही घे तुज्या घरची झाडं. आता ह्याची गाठ तूच फोड."

बुधाजीने हात मागे घेतले. पाटलांनीच फोडली. तांबडी.

"मानमोडी तुज्याबी शेतात पुरली व्हती का रं?" पाटलांनी अगदी गंभीरपणे विचारलं. "तुजी पोरं ह्योच वाल खात्यात न्हवं? मंग त्यांना खाडीपार कवा सोडतोस?"

आधी मनुबाई हसली. मग सगळा माळ हसला. चाळीस वर्षांत त्या खोलगटीत कोणी हसलं नसेल. बुधाजीच्या गड्यांनी दांडकी खाली ठेवली आणि वाट धरली, आणि त्यांच्या मागोमाग बुधाजीही गेला. गेल्या साली शेजारच्या गावातून अशाच 'खाडीपार' गेलेल्या गाई माणगावच्या बाजारात उभ्या राहिल्या होत्या, हे आम्हाला पुढे कळलं.

मग मी सांगितलं. या वेळी टाळ्यांसाठी नव्हे, जेवढं माहीत होतं तेवढंच. गवताचं आणि वेलाचं मूळ शेजारी शेजारी धरून दाखवलं. या गाठींत डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात, ते हवेतलं खत धरून वेलाला देतात, वेल त्यांना खायला घालतो. वेलाची पानंमुळं कुजली की ते खत मातीत उतरतं, म्हणून शेजारचं गवत हिरवं. म्हणून गाईला कस, म्हणून मार्गशीर्षात दूध.

"म्हनूनच वालाच्या खाचरात भात बरा येतो व्हय?" एका म्हाताऱ्याने विचारलं. तो स्वतःशीच मान डोलवत राहिला.

"आन् तांबडं का?" मनुबाई म्हणाली.

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. "विचारून सांगतो."

शेतकी खात्याकडून महिन्याभराने उत्तर आलं. तो तांबडा पदार्थ आपल्या रक्तातल्या तांबड्या रंगाचाच चुलतभाऊ आहे. आपलं रक्त हवेतला प्राणवायू धरून ठेवतं तसाच तो गाठीत प्राणवायू धरून ठेवतो, म्हणजे आतल्या जीवांचा श्वासही चालतो आणि कामही अडत नाही. म्हणजे आवडाबाईच्या डोळ्यांनी खोटं पाहिलं नव्हतं. खोटं होतं ते बुधाजीने त्यावर रचलेलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी लोक गाई सोडून घरी गेले तेव्हा मी आवडाबाईसोबत तिच्या गोठ्यापर्यंत गेलो. तिने गाय पिळली. फेसाळ दूध वाटीत घेतलं आणि तुळशीला मांडीवर घेऊन बसली, पण वाटी तोंडाशी नेईना.

"मंग माजी दुर्गी?" ती म्हणाली. "ती न्हाय तिथं?"

"माती झाली, आवडाबाई. चाळीस वर्षांत सगळ्यांची मातीच होते."

"मातीच ना?" तिने माझ्याकडे पाहिलं. "तहानलेली न्हाय ना?"

बुधाजी गाई घेऊन गेला असता तर गाई पुन्हा आणता आल्या असत्या. पण सहा महिन्यांची पोर चाळीस वर्षं पाण्यासाठी तळमळते आहे, असं त्याने तिच्या आईला सांगितलं होतं, आणि आठ दिवस ती बाई ते उरावर घेऊन मातीत दूध ओतत होती. याची मी त्याला आजवर माफी दिलेली नाही.

"नाही हो," मी म्हटलं. "तहान लागायला कोणी उरलेलंच नाही तिथं. काही दुखत नाही तिला."

आवडाबाई रडली, मोठ्याने, मोकळं. रडता रडताच तिने वाटी तुळशीच्या ओठांना लावली. पोरीने आधी तोंड फिरवलं, मग चव कळली आणि दोन्ही हातांनी वाटी ओढली.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कोणी मातीतून रक्त काढून दाखवलं तर आधी त्याला हात धुवायला लावा. मग स्वतःच्या नखाने चिरून बघा, आणि तेच आपल्या दारातल्या शेतात आहे का, तेही बघा. तरी उलगडा झाला नाही तर घाबरू नका आणि शहाणपणाचा आवही आणू नका. मला माहीत नाही, असं सरळ म्हणा आणि शोधायला लागा. पहिल्या दिवशी आवडाबाईने हात पुढे केला तेव्हा मी तेवढे तीन शब्द बोललो असतो, तर तुळशी आठ दिवस उपाशी राहिली नसती.